कोळंबी घेताना मान बघा

पापलेट घ्यायला गेलेला माणूस कल्ला उचलून आतला लाल रंग बघतो. सुरमईचा डोळा बघतो, पाठीवर बोट दाबून बघतो. कोळंबीच्या वाट्यासमोर मात्र हाच माणूस एकदम भाबडा होतो. ‘ताजी आहे ना मावशी?’ ‘आताच आलीय, बघ ना.’ आणि पिशवी भरते. बघ म्हटलं तरी बघायचं काय? कोळंबीचे डोळे मोहरीएवढे, कल्ले कवचाच्या आत दडलेले आणि रंग म्हणाल तर दर जातीचा वेगळा.

मीही कितीतरी वर्षं अशीच घेत होते. माझी आई अलिबागकडची. ती वाट्यातली एक कोळंबी उचलायची, डोकं चिमटीत धरायची, धड हवेत आडवं सोडायची आणि क्षणभर बघायची. मग एक तर पिशवी पुढे करायची, नाही तर पुढच्या टोपलीकडे वळायची. ती काय बघते हे मी कधी विचारलं नाही. पुढे मासळी का आणि कशी नासते याबद्दल थोडंफार वाचलं, तेव्हा उलगडलं की ती मान बघत होती.

शास्त्राच्या हिशेबाने कोळंबीला मान नसते. डोकं आणि छाती एकाच कवचाखाली असतात आणि त्याच्या मागे सहा वळ्यांचं धड, मग शेपटी. आपण ‘डोकं’ म्हणून जे मोडून टाकतो त्यात तिचं जठर असतं, कल्ले असतात, आणि एक तपकिरी-केशरी गर असतो. हा गर म्हणजे तिचं यकृत आणि स्वादुपिंड एकाच ठिकाणी. अन्न पचवणारे सगळे रस इथे तयार होतात, आणि ते भलतेच जहाल असतात. कोळंबी जिवंत आहे तोवर ते आपापल्या जागी राहतात. ती मेली की त्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा विरायला लागतो, रस बाहेर झिरपतात आणि समोर जे मांस येईल ते पचवायला घेतात. समोर येतं ते तिचं स्वतःचंच मांस. आणि सगळ्यात जवळचं मांस असतं डोक्याला लागून असलेलं, म्हणजे मानेचं.

म्हणून कोळंबीचं बिघडणं मानेपासून सुरू होतं. बाहेरून आलेले जंतू त्यांचं काम करतातच, पण ते मागाहून. आधी ती स्वतःच स्वतःला आतून पचवते. ताज्या कोळंबीचं डोकं धडाला घट्ट बसलेलं असतं, चिमटीत आडवी धरली तर धड ताठ राहतं, आणि डोकं काढायला पिरगळून ओढावं लागतं. थोडी जुनी झाली की डोकं आणि पहिल्या वळीमध्ये फट दिसते, तिथला पातळ पापुद्रा सैल पडतो. आणखी जुनी असेल तर धड लोंबतं, मानेतून पिवळट-केशरी पाणी झिरपतं, आणि बोटाने नुसतं ढकललं तरी डोकं सुटून येतं. टोपलीत सुटी डोकी तरंगत असतील तर मी किंमतही विचारत नाही.

सोलून झाल्यावरही मान बोलते. धडाचा पुढचा, जाड भाग बोटाने दाबून बघा. शेपटीकडचं मांस टणक आणि मानेकडचं पिठाळ, लिबलिबीत लागत असेल, तर कोळंबीला बर्फ उशिरा मिळालाय. शिजवल्यावर हीच कोळंबी एका टोकाला भुसभुशीत लागते, आणि आपण दोष देतो जास्त शिजवल्याला.

आता रंगाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. कच्चं केळं पडतं, बटाटा पडतो. आपण काय करतो? चिरल्याबरोबर पाण्यात टाकतो, म्हणजे हवा लागत नाही. वांग्यात जे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळा रंग तयार करतं, त्याचाच भाऊबंद कोळंबीतही असतो. कोळंबी मेल्यावर तो जागा होतो आणि आधी डोक्यात कल्ल्यांपाशी, मग वळ्यांच्या कडांना आणि शेपटीला काळे डाग पाडतो. हा काळा रंग म्हणजे मेलॅनिन, आपल्या केसांत आणि त्वचेत असतं त्याच जातकुळीचं. तो कुजण्याचा रंग नाही, आणि नुसत्या त्या डागांनी कुणी आजारी पडत नाही. पण डाग पडायला वेळ आणि हवा लागते, आणि ऊब मिळाली तर ते लवकर पडतात. म्हणजे डाग सांगतात एवढंच की ही कोळंबी मरून बराच वेळ झालाय, किंवा ती काही काळ बर्फाविना उघडी पडली होती. मान घट्ट असेल, वास स्वच्छ असेल आणि कल्ल्यांपाशी जरासं काळं असेल, तर मी ती घेते आणि भाव पाडून मागते. मांसापर्यंत काळं उतरलं असेल तर मात्र नाही.

याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे. डाग विकर पाडतं, त्यामुळे त्या विकराला रोखलं की डाग पडत नाहीत, बाकी नासणं मात्र चालूच राहतं. त्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट नावाची पावडर वापरतात. तिच्या पाण्यात कोळंबी बुडवून काढली की ती कितीतरी दिवस गोरीपान राहते. हे चोरून केलेलं काम असतंच असं नाही. अनेक देशांत याला परवानगी आहे, आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाप्रमाणे कच्च्या कोळंबीच्या खाण्याजोग्या भागात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत त्याचा अंश चालतो. पाकिटावर तसं छापलेलं असतं. उघड्या बाजारात कोण मोजणार आणि कोण छापणार? दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांच्या घरी हे लक्षात ठेवावं. बाकीच्यांनी एवढंच समजावं की पांढरीस्वच्छ, एकही डाग नसलेली कोळंबी दुपारी एक वाजता दिसली, तर ती ताजी असेल किंवा औषध लावलेली असेल. रंगावरून दोन्ही सारख्याच दिसतात. मान मात्र वेगवेगळं सांगते.

कच्ची कोळंबी गुलाबी दिसली की ती शिळी, असंही ऐकू येतं. हे अर्धंच खरं. कोळंबीत एक लाल रंगद्रव्य असतंच. ते प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून जिवंतपणी राखाडी, हिरवट, निळसर दिसतं. उष्णतेने ते प्रथिन मोडतं आणि लाल रंग मोकळा होतो, म्हणून कढईत पडली की कोळंबी लाल होते. तेव्हा राखाडी जातीच्या कोळंबीवर कच्ची असतानाच गुलाबी छटा आली, तर तिला ऊन किंवा ऊब लागलीय असं धरायला हरकत नाही. पण समुद्रातल्या काही जाती मुळातच गुलाबी-लालसर असतात, आणि आपल्याकडे बारीक कोळंबीच्या ढिगात त्या भरपूर येतात. म्हणून रंग बघताना आपली तुलना त्याच जातीच्या ताज्या कोळंबीशी हवी, शेजारच्या टोपलीतल्या दुसऱ्या जातीशी नको. वाघासारखे पट्टे असलेली टायगर, पांढुरक्या पायांची व्हेनामी, खाडीतली हिरवट-करडी, यांचं ताजेपण एकसारखं दिसणारच नाही. रंगापेक्षा चकाकी बघावी. ताज्या कोळंबीचं कवच ओलं, काचेसारखं असतं आणि त्यातून आतलं मांस अर्धवट दिसतं. जुनीचं मांस दुधाळ होतं आणि कवच मलूल दिसतं.

वासाला मी मानेच्या खालोखाल मान देते. ताज्या कोळंबीला जवळजवळ वास नसतो. असलाच तर खारट, ओल्या दोरखंडासारखा. कोळंबी गोड लागते ती तिच्या मांसात मोकळी अमिनो आम्लं माशांपेक्षा जास्त असतात म्हणून, त्यातही ग्लायसिन. ही गोडी आपल्याला आवडते तशी जंतूंनाही आवडते. आयतं, सुटं अन्न. त्यामुळे कोळंबी माशाच्या आधी उतरते आणि उतरताना अमोनिया सोडते. नाकात झोंबणारा, सार्वजनिक मुतारीची आठवण करून देणारा तो वास एकदा ओळखला की चुकत नाही. तो आला की चर्चा संपली. हळद, लिंबू, आगळ काहीही लावा, तो आत मुरलेला असतो.

पण प्रत्येक वेगळा वास नासल्याचा नसतो. समुद्रातल्या काही कोळंबीला औषधाच्या बाटलीसारखा, आयोडिनची आठवण देणारा वास येतो. तो तिच्या खाण्यातून आलेल्या ब्रोमिनयुक्त द्रव्यांचा असतो आणि तिच्या ताजेपणाशी त्याचा संबंध नाही. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला कधी पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, तो पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा. खायला दोन्ही चालतात, फक्त मातकट वासाची मला स्वतःला आवडत नाही. पोहण्याच्या तलावासारखा क्लोरीनचा वास आला तर मात्र विचार करावा. काहीतरी झाकायचं असल्याशिवाय कोण कशाला ब्लीचिंगच्या पाण्याने धुईल?

वास घ्यायचा तो एका कोळंबीचा, तोही मानेपाशी. ढिगाचा वास घेतला तर बाजाराचाच वास येतो. आणि वरची उचलू नका. वाटा लावताना वरती चांगली ठेवायची ही कला भाजीवाल्यालाही येते. मी हात घालून खालच्या थरातली काढते. यावर कोळीण रागावली तर तेही एक उत्तरच असतं, अर्थात कधीकधी ती फक्त रागावलेली असते.

स्पर्शाबद्दल एक सावधगिरी. कवच मऊ लागलं म्हणून कोळंबी नासकी ठरवू नये. कोळंबी वाढते ती कात टाकून. जुनं कवच उतरवलं की नवं कडक व्हायला थोडा काळ जातो आणि त्याच वेळी ती जाळ्यात सापडली, तर कवच कागदासारखं लागतं. अशी कोळंबी ताजी असली तरी तिच्यात पाणी जास्त आणि मांस कमी भरतं. म्हणजे खायला ठीक, पैसे मोजायला नाही. खरी नासकी कोळंबी वेगळी कळते: ती बुळबुळीत लागते आणि तो चिकटपणा धुतल्यावरही बोटांना राहतो. डोळे काळे, फुगीर, देठावर उभे असावेत, खोल गेलेले नसावेत. मिशा आणि पाय तुटलेले असले तर त्याचा बाऊ करू नका. टोपलीतून टोपलीत ओतताना ते तुटतातच.

आता पाण्याचा विषय. कोळंबी पाण्यात ठेवून विकणं हा जुना प्रकार आहे. बर्फ वितळून त्याचं पाणी निथळत असेल तर चांगलंच, ते घाण आणि जंतू वाहून नेतं. तेच पाणी टबात साठून राहिलं आणि कोळंबी त्यात तासन्‌तास पोहत राहिली, की गोडी पाण्यात उतरते आणि पाणी कोळंबीत शिरतं. काट्यावर वजन पाण्याचं. म्हणून ‘मावशी, निथळून टाक’ एवढं म्हणायला लाजू नये.

यापुढची पायरी म्हणजे फॉस्फेट. सोललेल्या कोळंबीला सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात ठेवलं की मांस पाणी धरून ठेवतं. थोड्या प्रमाणात हे गोठवताना उपयोगी पडतं, त्याने मांस कोरडं होत नाही. प्रमाण सुटलं की तुम्ही पाणी कोळंबीच्या भावाने घेता. गेल्या वर्षी मी घरबसल्या मागवलेल्या सोललेल्या कोळंबीचा एक डबा आला. इतकी देखणी, पारदर्शक, जणू प्लास्टिकची खेळणी. फोडणीत टाकली आणि पाच मिनिटांत कढईत तळं झालं. जी उरली ती अर्ध्या आकाराची, दाताला रबर लागणारी, आणि मागे साबणासारखी चव. कुठून मागवली हे महत्त्वाचं नाही, मीच ‘पटकन होईल’ म्हणून मागवली होती. सोललेली कोळंबी अतिशय काचेसारखी आणि निसरडी दिसली, की मला आता तो डबा आठवतो.

सोललेल्या कोळंबीत दुसरी अडचण आहे ती उघडच आहे: डोकं गेलं की साक्षीदार गेला. डोकं वेळीच काढलेलं असेल तर ते कोळंबीच्या भल्याचंच, कारण पाचक रस तिथेच असतात. प्रश्न ‘वेळीच’चा आहे. डोकं सुटायला आलेली, उरलेली कोळंबी सोलून दुसऱ्या दिवशी विकायला ठेवणं काही अवघड नसतं. समोर बसून सोलून देणारी असेल तर तिच्याकडून जरूर सोलून घ्या, पैसे वसूल होतात. आधीच सोलून ठेवलेल्या ढिगापासून जरा लांब.

भावाचा हिशेबही इथेच करून टाकू. डोक्यासकट घेतलेल्या कोळंबीचं डोकं, साल आणि पाठीतला धागा काढला, की हातात साधारण निम्मं मांस उरतं. जातीनुसार आणि आकारानुसार थोडं इकडेतिकडे. म्हणजे समजा डोक्यासकट ४०० रुपये किलो असेल, तर निव्वळ मांस ८०० रुपयांना पडलं. सोललेली ७०० ला मिळत असेल तर ती महाग नाही, उलट स्वस्त आहे, आणि एवढी स्वस्त का, असा प्रश्न पडायला हवा. अर्थात डोकी आणि सालं फेकणाऱ्यांसाठी हा हिशेब. ज्यांच्या घरी डोकी वाटून, गाळून ते पाणी कालवणात जातं, त्यांचा हिशेब वेगळा.

आकाराचं मोजमापही नीट समजून घ्यावं. व्यापारात कोळंबी ‘काउंट’ने ओळखतात. आपल्याकडे तळ्याच्या काठावर ‘३० काउंट’ म्हणजे किलोत ३० नग, एक कोळंबी सुमारे ३३ ग्रॅमची. निर्यातीच्या पद्धतीच्या पाकिटावर मात्र २१/२५ असं लिहिलेलं असतं. ते एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये २१ ते २५ नग, आणि तेही बिनडोक्याचे. म्हणजे एक कोळंबी जेमतेम २० ग्रॅम. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. मोठी म्हणजे चांगली असं मात्र नाही. कोळंबी-भाताला मला मध्यमच बरी वाटते, आणि खाडीच्या बारीक कोळंबीची चव जम्बोला नाही हे कुणीही कोकणी माणूस सांगेल.

ताजेपण शेवटी तासांवर आणि बर्फावर ठरतं. मासळीच्या शास्त्रात एक ढोबळ सूत्र आहे: शून्य अंशाला नासण्याचा जो वेग, त्याच्या सव्वादोन पट वेग ५ अंशांना आणि चौपट १० अंशांना. आपल्या फ्रिजचा मधला कप्पा ४-५ अंशांवर असतो. म्हणजे फ्रिजमध्ये उघडी ठेवलेली कोळंबी ही बर्फात पुरलेल्या कोळंबीच्या दुप्पट वेगाने म्हातारी होते. आणि मुंबईतल्या मे महिन्यात फळीवर नुसतीच मांडलेली? तिचा हिशेबच नको.

म्हणून कोळंबी आली कुठून हे विचारण्यात अर्थ आहे. किनाऱ्याजवळ डोल जाळी, म्हणजे प्रवाहात रोवलेली पिशवीसारखी जाळी, लावणारी होडी भरती-ओहोटीच्या हिशेबाने जाते आणि लवकर परत येते. तिची कोळंबी बारीक असते पण काही तासांची असते. मोठा ट्रॉलर अनेक दिवस बाहेर राहतो. तो धक्क्याला लागला त्या पहाटे ‘आताच आली’ हे शब्दशः खरं असतं, आणि तरी त्यातली पहिल्या दिवशी पकडलेली कोळंबी आठवडा झालेली असू शकते. बर्फ भरपूर असेल तर तीही उत्तम असते. मुंबईच्या ससून डॉकवर १८७५ पासून बोटी लागतायत. तिथे पहाटे लिलावाआधी टोपल्या रित्या होताना कधी बघा. एकाच बोटीच्या दोन टोपल्यांमध्ये किती फरक असतो, आणि घेणाऱ्या बायका हात घालून क्षणात तो कसा ओळखतात, ते बघण्यासारखं आहे.

तिसरी वाट तळ्यांची. व्हेनामी ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात २००९ मध्ये तिच्या व्यापारी शेतीला परवानगी मिळाली आणि बघता बघता तिने बाजार व्यापला. सगळ्यात जास्त पिकते आंध्र प्रदेशात. शेतीची म्हणून नाक मुरडणारे खूप आहेत. मी त्यांच्यातली नाही. तळ्यातली कोळंबी कधी काढायची हे माणूस ठरवतो, त्यामुळे जिवंत कोळंबी थेट बर्फाच्या पाण्यात टाकता येते, आणि तिचं घड्याळ तिथेच मंदावतं. काढण्याआधी खाणं थांबवलेलं असेल तर धागाही रिकामा असतो. चवीला समुद्रातली सरस, हे मान्य. पण नीट थंड केलेली तळ्यातली आणि बर्फाविना फिरलेली समुद्रातली यात निवडायचं असेल तर मी तळ्यातली उचलेन. तळ्यांमध्ये प्रतिजैविकं वापरली जातात का, ही शंका रास्त आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांवर बंदी आहे आणि निर्यातीचा माल त्यासाठी तपासला जातो. ते डोळ्यांनी किंवा वासाने कळणारं नाही, त्यामुळे तिथे खात्रीचा विक्रेता एवढाच उपाय.

फॉर्मेलिनचंही, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात त्या रसायनाचंही, तसंच. २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीवरून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर प्रत्येक जण मासळी हुंगून फॉर्मेलिन ओळखायला लागला. नाकाने ते खात्रीने ओळखता येत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीचा तपासणी संच तयार केलाय, चाचणी करायची तर तशीच.

पावसाळ्यात सगळं गणित बदलतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. गटारी बहुतेक वेळा याच काळात किंवा त्याला लागून येते. तेव्हा बाजारात मोठी, ‘आज सकाळची समुद्राची’ कोळंबी दिसली तर ती बहुधा तळ्यातली असते, नाही तर गोठवून ठेवलेली आणि आता वितळवलेली. खाडीतली, पारंपरिक होडीची थोडीफार येते, पण ती बारीक आणि कमी. वितळवलेली कोळंबी ओळखता येते: मांस जरा दुधाळ, दाबलं की पाणी सुटतं. ती वाईट असतेच असं नाही, पण ती पुन्हा घरी फ्रीझरमध्ये टाकायची नाही, आणि ताजीचा भाव द्यायचा नाही.

त्यापेक्षा सरळ गोठवलेलं पाकीट घ्या असं मी म्हणेन, आणि हे म्हणताना आईचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. काढल्यावर लगेच गोठवलेली कोळंबी ही बाजारात दोन दिवस फिरलेल्या ‘ताज्या’पेक्षा खरोखर ताजी असते. पाकीट दाबून बघा. आत नग सुटे खुळखुळले तर छान. सगळ्यांचा एकच गोळा झाला असेल, किंवा आत भुसभुशीत बर्फाचा चुरा असेल, तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलं असण्याची शक्यता आहे. कोळंबीवर बर्फाचं पातळ काचेरी आवरण मुद्दाम दिलेलं असतं, ते हवेपासून राखतं. वजन त्या बर्फाशिवायचं किती हे पाकिटावर बघावं. पांढरे, कोरडे, कापसासारखे चट्टे म्हणजे फ्रीझरच्या कोरड्या थंडीने मांस वाळलंय. खाल्लं तर काही होत नाही, चव मात्र गेलेली असते. वितळवायची ती रात्री फ्रिजमध्ये ठेवून, किंवा घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात. ओट्यावर सकाळपासून नाही.

घरी आणल्यावरचा अर्धा तास बाजारातल्या अर्ध्या तासाइतकाच मोलाचा. डोकी आधी काढा, साल आणि धागा नंतर निवांत. डोकी काढली की पाचक रसांचा धोका बराचसा टळला. मग एका चाळणीत बर्फ, त्यावर कोळंबी, वर पुन्हा बर्फ, खाली निथळणारं पाणी धरायला पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. बारीक मीठ-हळद लावून ठेवायची ती त्याच दिवशी करणार असाल तरच. धागा म्हणजे तिचं आतडं. तो राहिला तर विषबाधा होत नाही, पण दाताखाली रेती येते, आणि पाहुण्यांसमोर ती आली की पुढची पाच वर्षं ऐकावं लागतं.

आणि वार. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे इतके आहेत की बाजाराची चाल त्यांच्यावर ठरते. बुधवार, शुक्रवार, रविवारी माल भरपूर येतो आणि भरपूर संपतो. रविवारी दुपारी उरलेली कोळंबी सोमवारी कुणी फारसं विचारत नाही, आणि मंगळवारी सकाळी ती नव्या बर्फावर, नव्या वाट्यात, वरच्या थराला मांडलेली असू शकते. मी ठाण्यात जिच्याकडून घेते ती कोळीण आता मला ओळखते. गेल्या मंगळवारी मी एक कोळंबी उचलून चिमटीत आडवी धरली, धड हळूच खाली झुकलं. तिनेही बघितलं. माझ्या हातातून ती काढून घेतली, टोपलीत टाकली आणि म्हणाली, ‘उद्या ये गो.’